आंब्याचे पैसे हातात आहेत, मार्केट वरखाली होतंय, आता लावायचे कुठे?

राजापूरचा_बागायतदार (प्रश्न, १५ जून २०२५)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. राजापूर तालुक्यातला आहे, वय ३४, घरची हापूसची बाग आणि थोडी काजू. यंदा पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि आमचा शेवटचा आंबा निम्मा झाडावरच गेला, उरलेला कॅनिंगला दिला. फवारणी, गडी, पेट्या, वाशीच्या दलालाची उचल सगळं फिटून हातात साडेचार लाख राहिलेत. त्यात बाबांची ६ लाखांची एफडी याच महिन्यात मॅच्युअर झाली, बाबा ६६ वर्षांचे आहेत आणि ते म्हणाले तूच बघ आता. जानेवारीत फवारणीसाठी आईच्या बांगड्या ठेवून १ लाख २० हजार सोनेतारण काढलं होतं ते अजून तसंच आहे. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर घराचं छप्पर काढून स्लॅब टाकायचा विचार आहे, त्याला ४ लाख तरी लागतील.

२०२२ पासून माझी ५ हजारांची एसआयपी (दरमहा फंडात जाणारा ठरलेला हप्ता) चालू होती, सगळी एका स्मॉलकॅप फंडात, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरच्या फंडात. गेल्या सप्टेंबरात सगळीकडे हिरवं होतं, निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) २६,२७७ पर्यंत गेला, आणि मग जे खाली यायला लागलं ते फेब्रुवारीत मला बघवेना, मार्चमध्ये मी एसआयपी बंदच केली. मग ७ एप्रिलला त्या अमेरिकेच्या टॅरिफच्या भीतीने निफ्टी एका दिवसात ७०० च्या वर पडला, मला वाटलं वाचलो. आणि आता बघतो तर परत २५ हजारांच्या आसपास आलाय. आता हे इस्राएल-इराणचं चालू झालं. झोप लागत नाही खरं सांगतो.

मित्र म्हणतो एक डिफेन्सचा शेअर वरच्या भावापासून ४० टक्के खाली आहे, आत्ताच उचल. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो सागरी महामार्ग होतोय, प्लॉट घे. एका टेलिग्राम ग्रुपवर रोज टिप्स येतात. आणि सोनं तर एप्रिलमध्ये तोळ्याला लाखावर गेलं. पडत्या मार्केटमध्ये संधी असते असं सगळे सांगतात पण ती संधी आहे का खड्डा आहे हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं?

चिपळूणकर_काका

बाळा, मी बँकेत ३१ वर्षं काढली, तेव्हा आधी बँकवाल्याच्या नजरेने सांगतो. तुझ्या पोस्टमध्ये सगळ्यात चांगली संधी तू स्वतःच लिहिलीयस आणि पुढे निघून गेलास. आईच्या बांगड्या सोडव. सोनेतारणावर तू ९-१० टक्के तरी भरत असशील, ते फेडलंस की तेवढे टक्के तुला नक्की मिळाले, त्यात निफ्टी नाही, ट्रम्प नाही, इराण नाही. असा नक्की परतावा आज तुला दुसरीकडे कुठे मिळतो सांग. सोसायटीचं पीक कर्ज असेल तर तेही तारखेच्या आत भर, ३ लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर आपल्याकडे बिनव्याजी पडतं, तारीख चुकली की ती सवलत गेली.

दुसरं, स्लॅबचे ४ लाख शेअरबाजाराच्या वाऱ्यालाही उभे करू नकोस. दीड वर्षात लागणारा पैसा आहे तो. पोस्टात एक वर्षाची टीडी (मुदत ठेव) ६.९ टक्क्यांनी आहे, सरकारी हमी आहे, तिथे टाक. बाबांच्या नावावर उरलेले २ लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाक, सध्या ८.२ टक्के आहे, दर तीन महिन्यांनी ४,१०० रुपये त्यांच्या खात्यात येतील, त्यांचा हातखर्च सुटेल आणि तुझ्याकडे मागायला नको. रिझर्व्ह बँकेने यंदा फेब्रुवारीपासून रेपो (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) एकूण एक टक्क्याने खाली आणलाय, ६ जूनलाच अर्धा टक्का कमी केला, त्यामुळे बँकांच्या एफडीचे दर उतरणारच आहेत, हे काम या महिन्यात उरक. आणि बँकेत ठेवायचं झालं तर एका बँकेत एकाच्या नावावर व्याजासकट ५ लाखांच्या वर नको, विमा तेवढ्यालाच आहे, मग बँक कितीही ओळखीची असो.

आता हे का सांगतो ते ऐक. माझ्या शेजारच्या दुकानदाराचे शेअर चांगले होते, अगदी निवडून घेतलेले, पण दुसरा पैसा जवळ काही नव्हता. मार्च २०२० ला दुकान बंद झालं, माल पडून, हप्ते चालू, आणि त्याने एप्रिलमध्ये मिळेल त्या भावाला सगळे विकले. नोव्हेंबरात मार्केट परत आपल्या जुन्या जागी होतं, हा नव्हता. पुढच्याच वर्षी २२ जुलैला आमच्या चिपळुणात पाणी भरलं, त्याचं दुकान छतापर्यंत बुडालं. तेव्हा मार्केट तेजीत होतं पण याच्याकडे विकायला काही उरलंच नव्हतं. मी आजही त्या माणसाला भेटलो की मला वाईट वाटतं, कारण त्याची शेअरची निवड चुकली नव्हती, फक्त घरात वर्षभराचा खर्च बाजूला नव्हता.

देवगडची_मंगलताई

काकांनी पाया घातला, आता वरचं मी सांगते. तुका एक सांगतंय भावा, आपलो धंदोच शेअर मार्केटापेक्षा जास्त वरखाली असा. (बाकीच्यांसाठी साध्या मराठीत लिहिते.) मोहोर उशिरा आला, थ्रिप्स (फुलकिडे) पडले, मेमध्ये पाऊस आला, वाशीत भाव पडला, यातलं काहीही एक झालं तरी आपलं वर्षाचं उत्पन्न अर्ध्यावर येतं. पगारवाल्या माणसाने स्मॉलकॅप घेतला तर त्याचा पगार तरी स्थिर असतो. आपण बाग पण तशीच आणि फंड पण तसाच घेतला तर दोन्ही एकाच वर्षी बसू शकतात. म्हणून तू फेब्रुवारीत घाबरलास त्यात तुझी चूक नाही, तुझ्याकडे धीर धरायला जागाच नव्हती, वरून सोनेतारणाचं व्याज चालू.

आणि दरमहा एसआयपी हे पगारवाल्यांचं गणित आहे. आपल्याला पैसा येतो मे-जूनमध्ये एकदम, आणि डिसेंबर-जानेवारीत फवारणीला खिसा रिकामा असतो, त्याच महिन्यात हप्ता जायला हवा म्हणजे ओढाताण. मी २०१९ पासून असं करते: सीझन संपला की आधी पावसाळ्याच्या बेगमीसारखी वर्षाची बेगमी, म्हणजे घरखर्च आणि पुढच्या हंगामाची फवारणी-खत, ते पैसे बचत खात्यात आणि छोट्या एफडीत. मग जे खरंच उरलं ते सगळं एकदम लिक्विड फंडात, आणि तिथून त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्याच कंपन्या घेणारा फंड) दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जाते, याला एसटीपी म्हणतात. लिक्विड फंडाला बँकेसारखी हमी नसते पण तो अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत असतो त्यामुळे फार हलत नाही, आणि आठवडा उलटला की काढताना काही कापत नाहीत.

पहिल्या वर्षी माझे २ लाख ४० हजार होते, महिन्याला २० हजार, तारीख २५. जुलै २०१९ ला सुरू झालं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ पडला, निफ्टी ७,६१० वर आला, टीव्हीवर सगळे रडत होते, आमचे आंबे वाशीला जातील की नाही तेच कळत नव्हतं, आणि दोन दिवसांनी माझा हप्ता गेला तेव्हा निफ्टी ८,३०० च्या आसपास होता. एप्रिलचा आणि मेचा पण ९ हजारांच्या आसपासच गेला. मी त्या वेळी काहीही विचार करून ठरवलं नव्हतं, खरं तर मिस्टर म्हणत होते बंद कर, मीच म्हटलं हे पैसे आपल्याला यंदा लागणारच नाहीयेत तर बंद कशाला करायचं. तू विचारलंस ना संधी ओळखायची कशी, मला तर ती त्या दिवशी ओळखता आली नव्हती, हप्ता आधीच लावलेला होता एवढंच.

मग २०२१ ला १६ मेला तौक्ते आलं, झाडाखाली आंब्यांचा नुसता सडा, त्या वर्षी एक रुपया नवीन टाकता आला नाही. पण आधीचं काही विकावं पण लागलं नाही. तुझ्या साडेचार लाखांतून १ लाख २० हजार सोनेतारणाला, दीड लाख बेगमीला, राहतात १ लाख ८० हजार. महिन्याला १५ हजार, बारा महिने, पुढच्या सीझनला परत नवीन.

हर्णैचा_पोरगा

दादा बाकी काय पण कर पण तो टेलिग्राम ग्रुप आत्ताच्या आत्ता सोड. मी मासेमारीतला, १ जून ते ३१ जुलै बंदी, घरी बसून करायचं काय म्हणून २०२३ च्या बंदीत ऑप्शन चालू केलं, म्हणजे निफ्टी वर जाईल की खाली यावर थोडे पैसे (प्रीमियम) भरून केलेला ठरलेल्या मुदतीचा सौदा, गुरुवारी गुरुवारी एक्स्पायरी म्हणजे मुदत संपायची. पहिल्या दोन आठवड्यांत १८ हजार आले, मग बोटीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे पण लावले आणि ऑगस्टात बोट उतरवायच्या आधी २ लाख ८० हजार गेले होते. मार्केट वरखाली असतं तेव्हा ऑप्शनचा प्रीमियम पण फुगलेला असतो, म्हणजे दिशा बरोबर आली तरी भीती ओसरली की प्रीमियम उतरतो आणि आपण तोट्यात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नंतर सेबीचाच (शेअरबाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) अभ्यास आला की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १०० जणांतले ९३ तोट्यात गेले, सरासरी माणशी २ लाख. आईला अजून पूर्ण आकडा माहीत नाही.

टिप्स देणाऱ्याला एकच विचार, सेबीचा नोंदणी नंबर काय. सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो, रिसर्चवाल्याचा आयएनएच ने, आणि तो सेबीच्या साइटवर जाऊन स्वतः तपासायचा, त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट बघून नाही.

रत्नागिरी_हिशोबनीस

डिफेन्सच्या शेअरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ४० टक्के खाली म्हणजे स्वस्त असं होत नाही. १०० चा ६० झाला तर परत १०० व्हायला ६७ टक्के चढावा लागतो, आणि मुळात तो १०० ला योग्य होता की नुसता हवेने फुगला होता हा प्रश्न आहेच. शेअरचा भाव पडला, की कंपनीची कमाई पडली, की भाव आधीच कमाईच्या फार पुढे गेला होता, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि ते कळायला चार वर्षांचे ताळेबंद, कर्ज किती, ऑर्डरचे पैसे प्रत्यक्ष खात्यात येतात का हे वाचावं लागतं. तुझ्या मित्राने वाचलंय का विचार. पूर्ण इंडेक्स पडतो तेव्हा त्यातल्या ५० कंपन्यांपैकी ज्या मागे पडतात त्या काढून नव्या घेतल्या जातात, एका शेअरला तशी सोय नाही. येस बँक आठव, ऑगस्ट २०१८ ला ४०० च्या आसपास, लोक ३०० ला घेत होते, २०० ला घेत होते, १०० ला घेत होते, सगळे स्वस्त म्हणूनच. मार्च २०२० ला निर्बंध आले आणि आजही तो २० च्या आसपास आहे.

पण ताईंच्या पोस्टला एक पुरवणी जोडतो, कारण २०२० ने आपल्या सगळ्यांना वाईट सवय लावली. तेव्हा आठ महिन्यांत सगळं भरून आलं. २००८ ला तसं नव्हतं. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या आसपास घसरला, २०१० च्या दिवाळीत एकदा वर शिवून आला आणि परत पडला, २१ हजारांच्या वर नीट टिकायला २०१३ संपत आलं. जवळपास सहा वर्षं. म्हणून इंडेक्स फंडात जाणारा पैसा हा सात-आठ वर्षं विसरता येईल असाच पाहिजे, मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचा नाही.

आणि चढउताराचा खरा फायदा घ्यायचा असेल तर त्याला भाकीत लागत नाही, हिशोब लागतो. समज ४ लाख इक्विटीत (म्हणजे शेअर किंवा शेअरच्या फंडात) आणि ४ लाख एफडी-पोस्टात, निम्मेनिम्मे ठेवायचं ठरवलंयस. मार्केट २० टक्के पडलं, इक्विटी ३ लाख २० हजार झाली, एकूण ७ लाख २० हजार, निम्मे म्हणजे ३ लाख ६० हजार, मग ४० हजार एफडी-पोस्टातून इक्विटीत हलवायचे. म्हणजे पडलेलं असताना तू विकत घेतलंस. उलट मार्केट सप्टेंबरसारखं उड्या मारत असेल तेव्हा याच हिशोबाने थोडं काढून पोस्टात जातं. वर्षातून एकदा, तुझ्यासाठी जून बरा, सीझन झालेला असतो. विकताना एवढं बघ की एक वर्षाच्या वरच्या इक्विटीवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, त्याच्या वर साडेबारा टक्के, आणि वर्षाच्या आत विकलंस तर २० टक्के. लिक्विड फंडाचा नफा तुझ्या स्लॅबप्रमाणे, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हा पण करमुक्त असं समजू नको.

सोनं, थोडं असू दे, घरात आहेच. लाखाचा भाव बघून आता नवीन घेऊ नको एवढंच माझं मत.

लांज्याचा_सातबारा

प्लॉटबद्दल. मी जमिनीच्या कागदपत्रांचंच काम करतो म्हणून पोटतिडकीने लिहितो. मार्केट हललं की मुंबईची मंडळी म्हणतात जमीन कधी पडत नाही. जमिनीचा भाव रोज टीव्हीवर दिसत नाही म्हणून ती पडत नाही असं वाटतं. नाणारच्या रिफायनरीच्या आशेवर लोकांनी जागा घेतल्या, अधिसूचना २०१९ ला रद्द झाली. मग बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ ला माती परीक्षणावरून केवढं आंदोलन झालं ते तुझ्याच तालुक्यात तू बघितलंयस. तिथे पैसे अडकलेली माणसं माझ्याकडे येतात, विकायची आहे म्हणतात, घेणारा नाही.

चुलतभावाला विचार की सातबारा सामाईक आहे का स्वतंत्र. आपल्याकडे एका सातबारावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईला, दोघं वारलेले, वारस नोंद नाही, एकाची सही राहिली की सगळं थांबलं. कुळाची जमीन असेल तर कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा आहे का बघ, विकायला परवानगी लागू शकते. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. प्लॉटला जायला कागदावर रस्ता आहे का, का नुसती पायवाट. आणि शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असायला हवा, तू आहेस, पण उद्या तू विकशील तेव्हा घेणारा पण शेतकरीच शोधावा लागेल, हे कोणी सांगत नाही. बागेला लागून कोणाची स्वच्छ कागदाची जागा निघाली, पाण्याची सोय असली, तर ती जरूर घे, ती तू कसशील. महामार्गाच्या बातमीवर नको.

राजापूरचा_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी आपलं समजून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल आईला घेऊन जाऊन बांगड्या सोडवल्या, ती गाडीत काही बोलली नाही पण घरी येईपर्यंत हातात घालून बसली होती. पोस्टात मास्तरांना भेटलो, बाबांचं सिनियर सिटिझन आणि टीडी दोन्हीचे फॉर्म आणलेत. ग्रुप सोडला. प्लॉटचं चुलतभावाला सांगितलं की सातबारा पाठव, दोन दिवस झाले अजून आलेला नाही.

दोन शंका आहेत ताई. एक, स्मॉलकॅपचे जे आधीचे युनिट आहेत, जवळपास दीड लाखाचे, ते विकून टाकू का? आणि दुसरं, एसटीपीसाठी फॉर्म भरायला गेलो तर केवायसी अडतेय, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये नाहीये आणि आधारवर आहे.

देवगडची_मंगलताई

आईचं वाचून बरं वाटलं रे. युनिट आज विकायची घाई नको, ते पैसे तुला लगेच लागत नाहीयेत आणि तू आता कर्जात पण नाहीस. फक्त नवीन टाकू नको त्यात, नवीन सगळं इंडेक्समध्ये जाऊ दे, म्हणजे दोन-तीन सीझनमध्ये स्मॉलकॅपचा वाटा आपोआप छोटा होईल. तरी रात्री झोप लागत नसेल तर अर्धे काढ, त्यासाठी माझी किंवा कोणाची परवानगी नको.

केवायसीचं माझ्या मिस्टरांचं पण असंच झालं होतं. आधी पॅनची दुरुस्ती टाक, आधारप्रमाणे पूर्ण नाव, पंधरा-वीस दिवस लागतात. मग केवायसी परत कर, मोबाईल आणि ईमेल दोन्ही तुझेच दे, एजंटचे नको. तोपर्यंत पैसे बचत खात्यात पडून राहिले तरी चालेल, महिन्याभराने काही बिघडत नाही. आणि नॉमिनी टाकायला विसरू नको, फॉर्ममध्ये तो रकाना लोक रिकामा सोडतात. फळपीक विम्याची तारीख पण आत्ताच डायरीत लिहून ठेव, आंबिया बहाराची, ती हुकली तर ही सगळी बेगमी बागेतच जाईल.

हर्णैचा_पोरगा

दादा भारी काम केलंस. १ ऑगस्टला बंदी उठतेय, नारळी पौर्णिमेनंतर कधी दापोलीकडे आलास तर संध्याकाळी बंदरावर ये, लिलाव बघ, जेवायला घरीच. माझं इंजिन पण या सीझनला होतंय, हप्त्यावर नाही, साठवून.